लोखंडाच्या घरातला छायाचित्रकार



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाचट याबद्दल लिहितो हे आपणांस ठाऊक आहेच. गेल्या वेळी बुडखे छाटणीवर लिहिले, त्यावर आठ-दहा सभासदांनी गट ऑफिसला येऊन शंका विचारल्या. बरे वाटले. यावेळी मात्र विषय जरा आडवाटेचा आहे. कर्नाटकातल्या सोंडूर गावच्या एका मराठी माणसाचा. लोखंड-मँगनीजच्या खाणींच्या घरात जन्मलेला, पुढे राज्याचा अर्थमंत्री झालेला, आणि हे सगळे सांभाळून हयातभर जंगलातले फोटो काढणारा माणूस. त्याच्या गोष्टीचा शेवट आपल्या उसाच्या फडात येतो, म्हणून ती इथे सांगतो आहे. एरवी तुमचा वेळ घेतला नसता.

गेल्या उन्हाळ्यात हंगाम आटोपल्यावर शेतकी खात्यातले आम्ही सातजण जीप करून हंपीला गेलो. विजापूर, इलकल, कुष्टगी असा रस्ता. मंगळवेढ्याची काळी जमीन संपून लाल माती कुठे सुरू होते ते गप्पांच्या नादात कळलेही नाही. हंपीची देवळे पाहून झाली आणि तिसऱ्या प्रहरी कुणीतरी म्हणाले, जवळच दरोजीला अस्वलांचे अभयारण्य आहे, जाऊन येऊ. खरे सांगायचे तर मला परतायची घाई होती. पण सहाजणांपुढे एकाचे काय चालणार?

दरोजीला एका मनोऱ्यावर बसवतात. समोर मोठमोठ्या शिळांची टेकडी. आम्ही गेलो तेव्हा वनखात्याच्या माणसांनी दुपारीच त्या शिळांना गुळाचा पाक माखून ठेवला होता. अर्धा तास काहीच नाही. मोर आले, मुंगूस येऊन गेले. मग वरच्या कपारीतून एक काळे धूड हलत हलत खाली आले, पाठोपाठ दुसरे. दुसऱ्याच्या पाठीवर पिलू. शिळेला तोंड लावून जी चाटायला लागली, ती दिवस मावळेपर्यंत. आमच्यातला एक चिटबॉय हळूच म्हणाला, "सायेब, आपल्या गुळाला हितं बी गिऱ्हाईक हाय की!" मनोऱ्यावर बोलायची मनाई होती, तरी सगळे हसले.

रात्री मुक्काम होस्पेटजवळ माझ्या एका मित्राकडे. कृषी पदविकेला आम्ही एका खोलीत होतो. मूळचा सीमाभागातला, आता तिकडेच त्याची शेती आहे. अस्वलाचा विषय निघाला तसा तो उठला आणि कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. 'सनलाइट अँड शॅडोज', म्हणजे ऊन आणि सावल्या. १९८३ साली निघालेले. वन्यप्राण्यांचे फोटो काढणाऱ्याची रोजनिशी असे त्याचे स्वरूप. वर नाव होते एम. वाय. घोरपडे. "आपलाच माणूस," मित्र म्हणाला, "मुरारराव यशवंतराव. सोंडूरचा."

आता सोंडूर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. बळ्ळारी जिल्ह्यात, चोहोबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोऱ्यात हे छोटेसे मराठी संस्थान होते. चारी अंगांनी मद्रास इलाखा आणि मधे घोरपड्यांचे राज्य. १९४९ साली ते विलीन झाले. घोरपडे हे आडनाव कसे पडले त्याची कथा आपल्याकडेही सांगतात. पूर्वजाने घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, कड्यावर चढवले आणि किल्ला घेतला, असे. खरे-खोटे इतिहासकार जाणोत. पण ज्याच्या आडनावातच रानातले जनावर, त्याच घराण्यात पुढे जनावरांचे फोटो काढणारा निपजला याची मला गंमत वाटली. मुराररावांचे वडील यशवंतराव हिंदुराव हे शेवटचे राजे. त्यांनी १९३२ साली तिथले कुमारस्वामीचे देऊळ हरिजनांना खुले केले. १९३४ मध्ये गांधीजी सोंडूरला येऊन गेले. पावसाळ्यानंतरचे ते हिरवे डोंगर सप्टेंबरात पाहावेत, असे ते म्हणाल्याचे तिकडचे लोक अजून सांगतात.

या हिरव्या डोंगरांच्या पोटात काय आहे? लोखंड आणि मँगनीज. मँगनीज पोलादात घातले की पोलाद चिवट होते. आपल्या घरातल्या कोयत्यापासून ट्रॅक्टरच्या फाळापर्यंत आणि कारखान्याच्या गाडीअड्ड्यावरच्या साखळीपर्यंत ज्यात ज्यात पोलाद आहे त्यात थोडेबहुत मँगनीज असतेच. सोंडूरचे मँगनीज इंग्रजांच्या काळापासून बाहेर जात होते. १९५४ साली घोरपडे घराण्याने सोंडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स ही कंपनी काढली. पुढे होस्पेटजवळ व्यासनकेरीला धातूचा कारखानाही उभा राहिला. म्हणजे डोंगर खणायचा, दगड फोडायचा, भट्टीत घालून त्याचा धातू करायचा, हा त्या घरचा धंदा.

धातू आणि जंगल यांचे नाते मुळातच अवघड आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात लोहाराचा भाता होता. खुरप्याला पाणी द्यायला मी जायचो आणि भाता ओढायला मिळावा म्हणून तिथेच रेंगाळायचो. त्या भात्यात लोणारी कोळसा लागायचा. कोळसा कुठून यायचा? झाडे तोडून. एका लोहाराला लागून लागून किती लागणार म्हणा. पण कर्नाटकातच भद्रावतीला १९२३ साली जी लोखंडाची भट्टी सुरू झाली तीसुद्धा लाकडाच्या कोळशावर, आणि ते लाकूड मलनाडच्या जंगलातून येई. मातीखालचे लोखंड काढायचे तर वरचे झाड आधी जाते, आणि भट्टीत ओतायचे तर आणखी एक झाड जाते. हे सगळे घरात पाहत वाढलेला मुलगा हातात कॅमेरा घेऊन झाडामागे बसतो, ही मला त्या रात्री विलक्षण गोष्ट वाटली.

मुराररावांचा जन्म १९३१ चा. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकून परत आले. घरची कंपनी, सोंडूरचे राजकारण, अनेक वेळा आमदारकी. १९७२ ते १९७७ या काळात देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात ते कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. पुढे १९९९ पासून एस. एम. कृष्णा यांच्या मंत्रिमंडळात ग्रामीण विकास आणि पंचायत राज त्यांच्याकडे होते. याच सगळ्या वर्षांत त्यांचे फोटो देशाबाहेरच्या प्रदर्शनांत लागत होते. छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना 'मास्टर' हा किताब दिला. 'विंग्ड फ्रेंड्स' हे पक्ष्यांवरचे आणि एक हंपीवरचे, अशी आणखी पुस्तकेही त्यांनी केली.

त्यांच्या अर्थमंत्रिपदाची वर्षे जरा आठवून पाहा. १९७२ चा दुष्काळ आपल्या सोलापूर जिल्ह्याने कसा काढला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. खडी फोडायला माणसे गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. कर्नाटकाच्या उत्तर भागातही तीच तऱ्हा होती. त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीवर बंदी आली. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते आणि कर्नाटकाचे बंदीपूर होते. माणसांना खायला नाही तिथे वाघासाठी पैसा कसला, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. आजही आहेत, आणि प्रश्न अगदीच चुकीचा नाही. एका राज्याची तिजोरी सांभाळणाऱ्याला तो रोज कुणीतरी विचारत असणार.

संस्थानिकांच्या घरात बंदूक काही नवलाईची नव्हती. वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो त्या काळच्या कित्येक वाड्यांत भिंतीवर असत. बंदुकीऐवजी कॅमेरा, ही चाल आपल्याकडे पाडली ती फ्रेडरिक चॅम्पियन नावाच्या एका इंग्रज वनअधिकाऱ्याने. तो उत्तरेकडच्या जंगलांत होता. वाघाच्या वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पडून फोटो निघायचा. वाघाने आपला फोटो आपणच काढायचा म्हणा ना! १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले. जिम कॉर्बेटवरसुद्धा त्याचा परिणाम झाला. आज वनखाते झाडाला कॅमेरे बांधून पट्ट्यांवरून वाघ मोजते, त्याचे मूळ तिथे आहे.

मुराररावांच्या काळात कॅमेऱ्यात रीळ असे. छत्तीस फोटो, संपले की रीळ बदला, तोवर जनावर थांबत नाही. फोटो कसा आला ते घरी जाऊन रीळ धुतल्याशिवाय कळायचे नाही. त्यांची नावाजलेली चित्रे कृष्णधवल आहेत. मित्राकडून एक गोष्ट नव्याने कळली. कृष्णधवल फोटोत जे काळे दिसते ते चांदीचे अगदी बारीक कण असतात. उजेड पडला तिथे चांदी उरते, बाकीची धुऊन जाते. म्हणजे धातूच्या घरातला हा माणूस जंगलात जाऊनही पुन्हा धातूचेच काम करत होता म्हणायचे.

पुस्तक मी रात्री दीडपर्यंत चाळत बसलो. इंग्रजी मला अडखळत येते, पण चित्रांना भाषा कशाला हवी? एक चित्र पाहायचे, मग ते काढायला तो माणूस तिथे किती वेळ बसला असेल याचा विचार करायचा. आम्ही मनोऱ्यावर अर्धा तास बसलो तर आमच्यातल्या दोघांनी तंबाखू काढली होती. पुस्तकातल्या जनावरांच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण दिसत नाही. ते आपल्या उद्योगात आहे. म्हणजे माणूस तिथे आहे हे त्याला एक तर कळलेले नाही, किंवा कळूनही त्याने चालवून घेतले आहे.

आणि तिथे मला झोप येईना. त्याचे कारण पुस्तक नव्हते.

त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट. एका सभासदाचा दोन एकर ऊस, को ८६०३२, आडसाली, वाऱ्याने पूर्ण लोळलेला. टोळी आत शिरायला तयार नव्हती. मुकादम म्हणत होता, "सायेब, आत जनावर हाय, पोरं जायची न्हाईत. पेटवून द्या, दोन दिवसांत मोकळं करतो." सभासद माझ्याकडे आले. मी काय सांगायला हवे होते ते या पानावर मीच दहा वेळा लिहिले आहे. जळिताला कपात बसते, वजन घटते, चोवीस तासांच्या आत गाळप झाले नाही तर उतारा पडतो, हेक्टरी आठ-दहा टन पाचट फुकट जाते. पण हंगामाचे शेवटचे दिवस होते, टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या होत्या. मी म्हणालो, "बघा तुमचं तुम्ही."

शेतकी खात्याच्या माणसाच्या या तीन शब्दांचा अर्थ काय होतो हे तुम्हालाही कळते आणि मलाही. संध्याकाळी फड पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्लिपा बघायला गेलो तेव्हा टोळीतल्या एका बाईने मला हाक मारून बांधाजवळ नेले. तिथे तीन पिले होती. रानमांजराची. मांजरी कुठे गेली होती कुणास ठाऊक, पण धुरात परत आली असावी, कारण चौथे पिलू तोंडात धरलेले असे तीही दहा पावलांवर पडली होती. बाई काही बोलली नाही. पदराने नाक धरून उभी राहिली. तिच्या कडेवर तिचे स्वतःचे मूल होते.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. त्या सभासदांनाही नाही. उगाच त्यांच्या जिवाला लागायचे, असे मी स्वतःला समजावले. खरे तर चूक माझी होती म्हणून बोललो नाही. होस्पेटला त्या रात्री मित्राला सांगितले. तो म्हणाला, लिही. म्हणून हा लेख.

मुराररावांकडे परत येतो, कारण त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे वगळून त्यांची गोष्ट सांगणे म्हणजे अर्धीच पावती फाडणे. २००० नंतर चीनमध्ये पोलादाची मागणी वाढली आणि बळ्ळारीच्या लोखंडाला सोन्याचा भाव आला. डोंगरच्या डोंगर रातोरात पोखरले गेले. ट्रकच्या रांगा, लाल धूळ, झाडांची पाने तांबडी, विहिरीचे पाणी तांबडे. तिकडचा शेतकरी सांगतो, पिकावर धूळ बसायची तेव्हा पोटरीतले कणीस भरायचे नाही. बेकायदा खाणींवर लोकायुक्तांचे अहवाल आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ जुलै २०११ रोजी न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातल्या खाणकामावर बंदी घातली. पुढे अटी घालून काही खाणी सुरू झाल्या. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मुरारराव वारले. ज्या डोंगरांत त्यांचे घर, त्यांची कंपनी आणि रान हे तिन्ही होते, त्यांची अशी दशा डोळ्यांपुढे होत असताना ते गेले.

आता कुणी म्हणेल, स्वतः खाणवाले आणि जंगलाचे फोटो कसले काढता? मीही त्या रात्री मित्राला हेच विचारले. त्यांच्या घराण्याची कंपनी आजही खाणकामातच आहे. मित्राचे उत्तर मला पटले असे नाही, पण विसरताही येत नाही. तो म्हणाला, "अरे, तू उसातला आहेस. तुझ्या जिल्ह्यातला माळ कुणी खाल्ला?"

माळ म्हटले की मला नान्नज आठवते. आपल्या जिल्ह्यातलेच, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे. तिथल्या गवताळ माळावर माळढोक आहे हे सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या नजरेस आणले. पंधरा-पंधरा किलोपर्यंत भरणारा, जमिनीवर घालणारा, वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा पक्षी. १९७९ मध्ये अभयारण्य झाले, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे! एवढ्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले. जमीन विकताना, घर बांधताना लोकांना जो त्रास झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, त्या लोकांना मी दोष देणार नाही. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर उजनीचे पाणी आले होते, ऊस आला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोक आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसतच नाही. देशातही दीडशेच्या आसपासच उरले असतील, बहुतेक राजस्थानात.

उजनीचे पाणी नको होते का? असे म्हणणारा मंगळवेढ्यात मला एक माणूस दाखवा. आपल्या तालुक्याच्या दक्षिण भागातली गावे पाण्यासाठी किती वर्षे झगडली ते आपण पाहिले आहे. मीही याच पाण्यावर पगार घेतो. मुराररावांचा संसार मँगनीजवर चालला, आपला उसावर चालतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्यांनी निदान आपल्या डोंगराबाहेर काय काय जगते ते बसून पाहिले, टिपले, आणि चार लोकांना दाखवले. माझ्या फडात काय जगते ते मी वीस वर्षांत नीट पाहिले नव्हते.

पुष्कळ काही जगते. उसाचा फड म्हणजे वर्षभर न हलणारे रान. पाणी जवळ, सावली दाट, उंदीर मुबलक. रानमांजर, कोल्हा, मुंगूस, घोणस, धामण, घुबड हे सगळे आपल्या उसात राहतात, आणि त्यातले बहुतेक उंदीर खाऊन आपलेच काम करतात. बिबट्याही आहे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. म्हणून टोळीतल्या पोरांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण फडात सापडणारी पिले बहुधा बिबट्याची नसून रानमांजराची असतात. रानमांजराचे पिलू मातकट, अंगावर पुसट पट्टे, कानाच्या टोकाला काळ्या केसांचा लहानसा झुपका. अंगभर गडद ठिपके दिसले तर मात्र हात न लावता काम थांबवायचे आणि वनखात्याला १९२६ वर फोन करायचा.

परत आल्यावर मी आमच्या खात्यात दोन-तीन गोष्टी ठरवल्या, आणि या हंगामात चार गटांत त्या करून पाहिल्या. फड चारी बाजूंनी घेरून तोडायचा नाही. रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून ओढ्याच्या किंवा शेजारच्या उभ्या पिकाच्या बाजूला संपवायचा, म्हणजे आतल्या जनावराला निघून जायला वाट राहते. मुकादमांनी आधी कुरकुर केली, कारण गाडी भरायला लांब पडते. मग सापांची भीती कमी झाली हे पोरांच्या लक्षात आले, तेव्हा तेच म्हणायला लागले. पिले सापडली तर भोवतीचा दोन-चार गुंठे ऊस त्या रात्री उभा ठेवायचा, कुत्री बांधायची, आणि सकाळपर्यंत तिकडे कुणी फिरकायचे नाही. पिले घरी न्यायची नाहीत. तो गुन्हाही आहे आणि ती जगतही नाहीत. जळिताबद्दल मी काही नवे सांगत नाही. एवढेच की "बघा तुमचं तुम्ही" हे शब्द मी आता वापरत नाही.

जानेवारीत नदीकाठच्या एका फडात दोन पिले निघाली. सभासद वयस्कर. त्यांना मी म्हणालो, "तात्या, आजची रात्र एवढा तुकडा राहू द्या." ते म्हणाले, "राहू दे की. एका रात्रीनं काय ऊस पळून जातोय व्हय?" त्यांचा नातू अकरावीला आहे. त्याने तिथे काय करावे? बांधावरच्या बाभळीला मोबाईल बांधला, तोंड पिलांकडे करून, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून घरी निघून गेला. चॅम्पियन साहेबाचे नाव त्याने ऐकलेले नव्हते. बॅटरी मध्यरात्रीच्या सुमारास संपली. पण त्याच्या आत अकरा वाजून काही मिनिटांनी मांजरी आलेली दिसते. अंधारात नुसते दोन डोळे, मग तोंडात पिलू धरलेली काळी आकृती, आणि मग रिकामी जागा. दुसरे पिलू न्यायला ती आली तेव्हा मोबाईल बंद पडला होता. सकाळी जागा रिकामी होती एवढे मी स्वतः पाहिले. नऊ वाजता टोळीने तो तुकडा तोडला.

त्या चित्रफितीतला एक फोटो काढून घेतला आहे. धूसर आहे, मुराररावांच्या फोटोशेजारी ठेवण्यासारखा मुळीच नाही. शेतकी खात्याच्या फलकावर, ऊस नोंदीच्या यादीशेजारी लावला आहे. स्लिप घ्यायला याल तेव्हा पाहून जा. डोळे डाव्या कोपऱ्यात आहेत, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.